परदेशी पाहुण्यांचा प्री-सीझन सामना पहिल्यांदा बघताय? मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

प्री-सीझन मैत्री सामना म्हणजे तिकीट लावलेला सराव. एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मी निराशा टळते. युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीग ऑगस्टमध्ये सुरू होतात. जूनमध्ये खेळाडू सुट्टीवर, जुलैच्या सुरुवातीला परत, आणि पुढचे पाच-सहा आठवडे तयारी असा क्रम असतो. त्यातले काही सामने परदेशात ठेवतात, कारण तिथे तिकिटं खपतात, नवी जर्सी विकली जाते आणि प्रायोजक खूश राहतात. कोचचा हिशोब मात्र निराळा असतो. आपण गोल मोजत असतो, तो मिनिटं मोजत असतो: कोण किती वेळ खेळला, कुणाचे पाय कधी जड झाले.

म्हणून अशा सामन्याची तयारी लीगच्या सामन्यासारखी करून चालत नाही.

बातमी पक्की करा, मग रजा टाका

"अमुक क्लब मुंबईत येतोय" ही आवई अधूनमधून उठतेच. ती खरी की खोटी हे तपासणं अवघड नाही. दोन वेगवेगळ्या देशांतल्या संघांचा सामना कुणालाही मनात आलं म्हणून भरवता येत नाही. फिफाच्या नियमांप्रमाणे त्याला संबंधित राष्ट्रीय संघटनांची परवानगी लागते, म्हणजे आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची. शिवाय पोलिसांची परवानगी आणि मैदानाचं बुकिंग वेगळंच. तेव्हा तीन गोष्टी जुळतात का ते पाहा.

१. पाहुण्या क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, सामन्यांच्या यादीत ती तारीख आहे का? आयोजकाचं पोस्टर हा पुरावा नव्हे.

२. यजमान क्लब किंवा महासंघाच्या अधिकृत खात्यावर तीच तारीख आणि तेच मैदान दिलंय का?

३. तिकिटाची लिंक या अधिकृत पानांवरूनच उघडते का, की कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे?

तिन्ही जुळल्याशिवाय पैसे भरू नका. चौथी गोष्ट सहज नजरेतून सुटते: तिकीट सामन्याचं आहे की नुसत्या कार्यक्रमाचं? डिसेंबर २०२५मध्ये मेस्सी भारतात आला तो सामना खेळायला नव्हे, लोकांना भेटायला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये तो लवकर निघून गेला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मोडतोड केली. तिकिटाच्या पानावर दोन संघांची नावं आणि किक-ऑफची वेळ नसेल तर ती फुटबॉलची मॅच नाही.

आणखी एक. भारतीय क्लबांचे प्री-सीझन सामने पुष्कळदा बंद दाराआड होतात. परदेशातल्या शिबिरात खेळून येतात आणि आपल्याला दिसतो फक्त स्कोअर आणि चार फोटो. 'प्रेक्षकांना प्रवेश' असं स्पष्ट लिहिलं नसेल तर गेटवर जाऊन वॉचमनशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

मुंबईत हे सामने दुर्मीळ का?

उत्तर आभाळात आहे. युरोपचं प्री-सीझन जुलैत, आणि मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे मोठे क्लब टोकियो, सिंगापूर, हाँगकाँग नाहीतर अमेरिका गाठतात. भारतात आले ते बहुतेक दुसऱ्या वेळी: ब्लॅकबर्न रोव्हर्स ऑक्टोबर २०११मध्ये पुण्यात, बायर्न म्युनिक जानेवारी २०१२मध्ये, जर्मनीतल्या हिवाळी सुट्टीत, दिल्लीत. अपवाद कोचीचा. तिथे भर जुलैत, २०१८ साली, स्पेनचा जिरोना आणि ऑस्ट्रेलियाचा मेलबर्न सिटी केरळ ब्लास्टर्सशी खेळून गेले.

मुंबईच्या वाट्याला जास्त करून राष्ट्रीय संघ आले. ३ सप्टेंबर २०१६ला अंधेरीत भारताने पोर्तो रिकोला ४-१ हरवलं. शहरात तब्बल ६१ वर्षांनी झालेला तो आंतरराष्ट्रीय सामना होता. जून २०१८च्या इंटरकॉन्टिनेंटल चषकात पहिल्या सामन्याला अडीच हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याने व्हिडिओ टाकून "मैदानावर या" अशी विनंती केली आणि केनियाविरुद्धचा पुढचा सामना, छेत्रीचा शंभरावा, हाऊसफुल्ल झाला. यातून नवख्याने घ्यायचं ते एवढंच: अंधेरीचं मैदान लहान आहे, सात-आठ हजारांच्या आतलं. एका व्हिडिओने ते भरतं. तिकीट "बघू नंतर" म्हणून ठेवू नका.

तिकीट काढताना

विक्री सुरू होण्याआधी अॅपवर खातं उघडून ठेवा आणि यूपीआय चालू आहे याची खात्री करा. दाखवलेल्या किमतीवर सुविधा शुल्क आणि कर चढतो, तो शेवटच्या पानावर दिसतो. चौघांची तिकिटं काढताना हा फरक चांगलाच जाणवतो.

स्टँड निवडताना दोन गोष्टी बघा, छत आणि ऊन. सगळ्या जागांवर छत असतंच असं नाही; आसनांच्या नकाशात लिहिलं नसेल तर त्या मैदानाचे जुन्या सामन्यांतले फोटो बघा. सामना संध्याकाळी साडेपाच-सहाचा असेल तर पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसणाऱ्याच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येतं. पश्चिमेकडे पाठीशी सूर्य. जुलैत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, म्हणजे पहिला हाफ डोळ्यांवर हात धरून काढायचा का हे आधीच ठरवा. पाऊस असेल तर हा प्रश्न आपोआप मिटतो आणि छताचा उभा राहतो.

गोलच्या मागची जागा स्वस्त असते, पण संघाची रचना समजून घ्यायची असेल तर मधल्या रेषेजवळची, जरा वरच्या रांगेतली जागा घ्या. खालून बघितलं की सगळे खेळाडू एका रेषेत दिसतात. वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा मुंबई सिटी या आपल्या शहराच्या क्लबच्या पाठीराख्यांचा गट. त्यांच्या शेजारी जागा मिळाली तर नव्वद मिनिटं उभ्याने, गाणी म्हणत काढायची तयारी ठेवा. मजा आहे, पण सोबत आजी असेल तर दुसरा स्टँड बघा.

क्यूआर कोड घरीच उघडून फोनमध्ये ठेवा. गेटवर हजारो फोन एकाच टॉवरवर आले की नेटवर्क बसतं आणि रांग तिथेच खोळंबते. काही अॅपमध्ये कोड सामन्याच्या दिवशीच दिसतो आणि स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा तिकिटावरची बारीक अक्षरं आदल्या रात्री वाचा.

जायचं कसं, आणि मुख्य म्हणजे यायचं कसं

मुंबई फुटबॉल अरेना म्हणजे अंधेरी पश्चिमेचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. जवळचं स्टेशन मेट्रो १ वरचं आझाद नगर. पश्चिम रेल्वेने आलात तर अंधेरीला उतरून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडा, पहिलंच स्टेशन. मध्य रेल्वेवाल्यांनी घाटकोपरहून थेट बसावं. दहिसर-बोरिवलीकडून येणाऱ्यांना मेट्रो २अ ने अंधेरी पश्चिमला उतरून पुढे चालत जाता येतं. स्टेशनबाहेरून रिक्षा करायचा मोह टाळा. सामन्याच्या संध्याकाळी जे. पी. रोडवर रिक्षापेक्षा पायी जाणारा आधी पोहोचतो. पूर्वेकडून गाडीने येत असाल तर जोराच्या पावसात अंधेरी सबवे पाण्याखाली जातो हे लक्षात असू द्या. मेट्रो वरून जाते, तिला त्याचं सोयरसुतक नाही.

सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला असेल तर गणित बदलतं. मैदान अंधेरीच्या कितीतरी पट मोठं. नोव्हेंबर २०२३मध्ये मुंबई सिटी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांचा आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना तिथेच झाला होता. सीएसएमटीहून हार्बरने किंवा ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळ.

रविवारचा सामना असेल तर शनिवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. ब्लॉक दुपारी संपला तरी गाड्या रुळावर यायला संध्याकाळ होते. पावसाळ्यात भरतीची वेळही बघून ठेवा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागातलं पाणी ओसरत नाही.

परतीचा हिशोब असा मांडा. साडेसातचा किक-ऑफ, ४५ मिनिटं, १५ मिनिटांची विश्रांती, पुन्हा ४५, वर भरपाई वेळ आणि पाण्याचे ब्रेक. साडेनऊच्या आत शेवटची शिट्टी धरू नका. पेनल्टी घेतल्या तर आणखी पंधरा मिनिटं. गेटमधून प्लॅटफॉर्मपर्यंत अर्धा तास सोडा. कर्जत, कसारा किंवा विरारला जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघावी.

सामना गणेशोत्सवात येत असेल तर वेगळी काळजी. 'अंधेरीचा राजा' याच आझाद नगर परिसरात बसतो, आणि त्याचं विसर्जन अनंत चतुर्दशीला नसून संकष्टीला असतं. बाकी शहरातली गर्दी ओसरली म्हणून इथलीही ओसरली असं समजू नका. त्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, त्यामुळे सामन्याची तारीख सरकण्याची शक्यताही जास्त.

पिशवीत काय

जितकं कमी तितकं बरं. छत्री, पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेल्मेट, काठीचा झेंडा, मोठा कॅमेरा: यातलं बरंचसं गेटवर अडवलं जातं आणि सामान ठेवायला जागा मिळेलच असं नाही. ऑफिसातून थेट येणाऱ्यांचा घोटाळा लॅपटॉपच्या बॅगेपाशी होतो. ती ऑफिसातच ठेवा. पावसासाठी पातळ, घडी घालून खिशात मावणारा रेनकोट आणि फोनसाठी झिपची प्लास्टिक पिशवी पुरते. पायात चपला नकोत. ओल्या पायऱ्यांवर गोल झाल्यावर उड्या मारताना घसरायला होतं.

सामना बघायचा कसा

पोहोचणं सोपं होतं, खरी गंमत इथे आहे. सामन्याच्या तासभर आधी संघाची यादी जाहीर होते. ती नीट वाचा. पाठीवर ४०च्या वरचे क्रमांक असलेले खेळाडू बहुधा अकादमीतले. नावाच्या जागी नुसतं 'ट्रायलिस्ट' लिहिलं असेल तर तो अजून करार न झालेला, चाचणीवर असलेला खेळाडू.

मोठं नाव यादीत नाही म्हणून चिडण्याआधी कॅलेंडर बघा. उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाकडून स्पर्धा खेळलेल्यांना साधारण तीन आठवड्यांची सुट्टी मिळते. २०२६च्या विश्वचषकाचा अंतिम सामना १९ जुलैचा. अशा वर्षी शेवटपर्यंत गेलेले खेळाडू ऑगस्ट उजाडल्याशिवाय क्लबमध्ये दिसत नाहीत. पोस्टरवर त्यांचे चेहरे मात्र झळकत असतात, कारण पोस्टर जाहिरातवाले करतात आणि यादी कोच.

बदली खेळाडूंचा नियमही सैल असतो. मैत्री सामन्यात दोन्ही संघांनी आपसात आकडा ठरवून रेफरीला आधी कळवलं की पाचाहून जास्त बदल करता येतात. म्हणून सुरुवातीच्या सामन्यांत ४६व्या मिनिटाला अख्खे अकरा बदललेले दिसतात. पुढच्या सामन्यात मुख्य खेळाडू साठ मिनिटं, मग पंचाहत्तर, आणि लीग तोंडावर आल्यावर नव्वद. दौऱ्यातला कितवा सामना आहे यावरून तुमचा आवडता किती वेळ दिसेल याचा अंदाज बांधता येतो. पहिलाच असेल तर उशिरा पोहोचणं म्हणजे त्याला न बघणं.

पहिली पंचवीस-तीस मिनिटं सर्वांत मोलाची. पाय ताजे असतात आणि कोचने आठवडाभर शिकवलेलं याच वेळात दिसतं. पाच मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही असं ठरवून एक गोष्ट बघा: समोरच्या संघाची गोल-किक, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक. २०१९पासून गोल-किकचा चेंडू सहकाऱ्याला पेनल्टी क्षेत्राच्या आतही घेता येतो, त्यामुळे दोन सेंटर-बॅक (बचावफळीतले मधले खेळाडू) गोलरक्षकाच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. आता दाब टाकणारा स्ट्रायकर सरळ धावतो की वळण घेत? वळण घेत धावला तर तो एका सेंटर-बॅककडे जाणारा पास बंद करतोय आणि चेंडू मुद्दाम एकाच बाजूला ढकलतोय. त्याच क्षणी त्याच्या मागचा मिडफिल्डर दहा पावलं पुढे सरकला तर सापळा लागला. तो जागीच राहिला तर दोघांमध्ये मोकळं अंगण तयार होतं आणि एका पासात समोरचा संघ निसटतो. प्री-सीझनमध्ये पहिल्या दहा मिनिटांत सापळा लागतो आणि तिसाव्या मिनिटाला तोच मिडफिल्डर कमरेवर हात ठेवून उभा दिसतो. लीग सुरू होईपर्यंत हा फरक कमी होतो का, यासाठीच तर हे सामने असतात.

मुंबईच्या दमट हवेत ही घसरण आणखी लवकर येते. उकाड्यात रेफरी खेळ थांबवतात: पाण्याचा ब्रेक मिनिटभराचा, कूलिंग ब्रेक दीड ते तीन मिनिटांचा. त्या वेळी फोन काढू नका, कोचकडे बघा. कुणाला बाजूला घेऊन बोलतोय, हाताने कुठली जागा दाखवतोय, आणि खेळ सुरू झाल्यावर तो खेळाडू तिथे जातो का.

पाऊस पडत असेल तर गवत नुसतं ओलं आहे की पाणी साचलंय हे महत्त्वाचं. ओल्या गवतावर चेंडू झपकन सरकतो आणि जमिनीलगतचा पास धारदार होतो. डबक्यात तोच चेंडू जागेवर थबकतो आणि सगळे उंच मारायला लागतात. अशा वेळी रेफरी मैदानात जाऊन चेंडू टाकून, घरंगळवून बघतात. उसळत नसेल तर सामना थांबणार हे ओळखा. त्या परिस्थितीत कुठल्याच संघाबद्दल मत बनवू नका.

स्कोअरचं काय? कोचीत केरळ ब्लास्टर्स मेलबर्न सिटीकडून ६-० आणि जिरोनाकडून ५-० हरले होते. दर्जातला फरक होताच, पण वेळही बघा: जिरोनाची लीग तीन-चार आठवड्यांवर होती, आपली इंडियन सुपर लीग (आयएसएल) दोन महिने लांब. ज्याची लीग जवळ त्याचे पाय पुढे, हा प्री-सीझनचा साधा नियम. परदेशी क्लबासमोर भारतीय संघ सत्तराव्या मिनिटानंतर कोसळला तर आधी तारखा तपासा, मग अक्कल काढा. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी, बहुधा नसतो, त्यामुळे ऑफसाइडवर वाद घालून काही निष्पन्न होत नाही. काही वेळा निकाल लागलेला असूनही शेवटी पेनल्टी घेतात, तोही सरावच.

क्लब दौऱ्यावर आणि तुम्ही घरी

सर्वांत जास्त चुका तारखेत होतात. उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, सिंगापूर आणि हाँगकाँग अडीच तास पुढे. म्हणजे तिथली रात्रीची मॅच आपल्याकडे दुपारी साडेतीन ते पाचला, ऐन कामाच्या वेळेत. लंडन साडेचार तास मागे. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसात. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, लॉस एंजेलिस साडेबारा. तिथे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना मुंबईत रविवारी उजाडतो, न्यूयॉर्कचा पहाटे पाचला आणि लॉस एंजेलिसचा सकाळी आठला. गजर शनिवारचा लावून बसणारे दरवर्षी भेटतात.

लीगचे हक्क ज्या वाहिनीकडे तिच्यावरच मैत्री सामना दिसेल असं नाही. हे हक्क वेगळे विकले जातात; पुष्कळ क्लब आपल्याच अॅपवर पैसे घेऊन दाखवतात. तिथे कार्ड चालत नाही अशी तक्रार ऐकू येते, त्याचं कारण साधं: रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा हवी तेवढीच ठेवा, आणि पैसे भरताच आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा.

पबमध्ये बघायचं असेल तर आधी फोन करा. पहाटेचे आणि दुपारचे मैत्री सामने सहसा लावत नाहीत, लावलेच तर आवाज क्रिकेटचा असतो. त्या क्लबचा मुंबईतला पाठीराखा गट असेल तर तो ठिकाण ठरवतो आणि नवख्यांना सामावूनही घेतो. आषाढी एकादशीला राज्यात ड्राय डे असतो, तेवढं तारखेशी ताडून बघा.

सामना झालाच नाही तर

तीन प्रकार असतात. सामना रद्द, सामना पुढे ढकलला, आणि सुरू होऊन अर्ध्यात थांबला. पैसे परत मिळण्याची शक्यता पहिल्यात सर्वाधिक, तिसऱ्यात सर्वांत कमी. नेमकी अट तिकिटाच्या नियमांत लिहिलेली असते. मोठा खेळाडू खेळला नाही म्हणून परतावा मागता येत नाही. पुढे ढकललेल्या सामन्याला जुनंच तिकीट चालतं की नवं घ्यावं लागतं हे ईमेलने कळवतात, आणि तो ईमेल हमखास स्पॅममध्ये जाऊन पडतो. पैसे खात्यात येईपर्यंत बुकिंगचा क्रमांक, पैसे भरल्याचा संदेश आणि ते अॅप, तिन्ही फोनमध्ये राहू द्या.